दर्यावाला आणि डोंगरवाला

अस्वल हा शब्द मी आता खुशाल उच्चारते, कारण इथे शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर ऐकायला अस्वल येत नाही. किनाऱ्यावर राहत होतो तेव्हा आम्ही त्याला डोंगरवाला म्हणायचो, तेही आवाज खाली ठेवून. तसाच दर्यावाला. काळी पाठ, पांढरं पोट, पाठीवर माशाचा असतो तसा पर, पण माणसाएवढा उंच. रशियन लोक त्याला खुनी देवमासा म्हणत. त्यांचं काय, ते कुणालाही काहीही म्हणतात. आमच्या नीव्ख जमातीच्या माणसाने त्याच्यावर कधी भाला उगारला नाही. तोच तर सील हाकत हाकत आमच्या भाल्यासमोर आणून सोडायचा.

दोघांबद्दल लहानपणापासून एकच ऐकलेलं. डोंगरवाला घरी गेला की कातडं उतरवून खुंटीला अडकवतो आणि आपल्यासारखा चुलीपाशी बसतो. दर्यावाला पाण्याखालच्या घरी जाऊन तेच करतो. पाठीवरचा पर म्हणजे त्याची तलवार, ती तो दाराबाहेर टेकवून ठेवतो. रानात ज्याला डोंगरवाला मारतो तो त्यांच्यातला होतो, बुडतो तो दर्यावाल्यांच्यातला. माझा बाप मी लहान असताना डोंगरवाल्याच्या हातून गेला. सासरची माणसं मात्र तीन पिढ्या समुद्रात बुडत आली आहेत. म्हणजे मेलेलं माहेर डोंगरात आणि मेलेलं सासर दर्यात, असं माझं लग्न.

आणि एक गोष्ट कधी करायची नव्हती. दोघांची तुलना. कोण मोठा, कोण जोराचा, असं बोलायचंच नाही. कान दोघांचेही तिखट असतात.

साखालिनच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा आहे. मासे नदीत चढायला लागले की आम्ही गाव सोडून तिथे जायचो आणि बर्फ पडेपर्यंत राहायचो. त्या वर्षी त्या पट्ट्यावर आमचं एकच घर होतं. मी, माझा नवरा मिगून, सासरे ओबोन आणि माझी विधवा नणंद फेक्ला. सासऱ्यांना सगळे आताक म्हणत, आताक म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडला होता. माणूस आहे की खांब आहे एवढं त्यांना कळायचं, पुढचं ते नाकाने आणि कानाने ओळखायचे.

फेक्लाबद्दल एक सांगायला हवं. आमच्यात वयात आलेली बहीण भावाशी तोंडावर बोलत नाही. दोघं एकाच घरात राहतात, एकाच पातेल्यातलं खातात, पण बोलायचं तर तिसऱ्यापाशी. "वहिनी, कुणाच्या तरी बुटाला भोक पडलंय," असं ती म्हणायची, आणि समोर बसलेला मिगून गुपचूप बूट काढून द्यायचा. मी घरात नसले तर ती कुत्र्यांना सांगायची. कुत्र्यांना आमच्या घरातली सगळी बित्तंबातमी असायची.

मिगून एके दिवशी पहाटे सीलच्या खडकांकडे गेला होता. एकटाच, वल्ह्यांच्या होडीतून. दुपारनंतर धुकं आलं. तिथलं धुकं एकदा बसलं की पाहुण्यासारखं उठायचं नाव घेत नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही कढई वाजवली, अंधारात कुणी होडी किनाऱ्याला लावत नाही. दारापुढे लार्चच्या खांबाला एक तडकलेली लोखंडी कढई टांगलेली असायची, धुक्यात होडी बाहेर असली की ती लोखंडी आकड्याने बडवायची. तिचा आवाज फाटका होता पण लांब जायचा. दगडांचा किनारा कुठला आणि आपला कुठला, हे होडीतल्या माणसाला त्यावरून कळायचं. आमच्याकडचं शेंबडं पोरही कढई ऐकून घरी यायला शिकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेक्ला पाणी आणायला गेली आणि लगेच परत आली.

"वहिनी, बाहेर ये. आणि ओरडू नको."

फेक्ला कधी हळू बोलत नसे. ती हळू बोलली म्हणूनच मी हातातलं टाकून बाहेर धावले. मला वाटलं, रिकामी होडी लागली.

होडी नव्हती. वाळूवर दर्यावाला पडला होता, एका कुशीवर, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. कातडं ओल्या रबरी बुटासारखं चकाकत होतं. पर वाकून वाळूला टेकला होता. त्याच्या गालावर तो पांढरा मोठा ठिपका असतो, लांबून तोच डोळा वाटतो. डोळा त्याच्या पुढे असतो, बारीक. दर्यावाला मेलेला होता, पण डोळा उघडा होता आणि माझ्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं होतं, दात झिजून हिरडीपर्यंत आले होते.

"म्हातारा आहे," फेक्ला म्हणाली. "आपल्या बाबांएवढा."

आताकना हाताला धरून आणलं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर बसले आणि त्या कातड्यावरून दोन्ही हात फिरवले, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आंधळा माणूस घरच्या माणसाचा चेहरा चाचपतो तसे. मग तिथेच बसून राहिले. धुक्यात लाटा दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या.

"नीट ऐका," ते म्हणाले. "त्यांचा माणूस आज आपल्या दारात आहे. आपला माणूस त्यांच्या दारात आहे. आपण याला जसं वागवू तसं ते त्याला वागवतील. काही कमी पडू द्यायचं नाही."

तोवर मिगून धुक्यात अडकलाय, एवढंच होतं. धुक्यात तो आधीही अडकला होता. आता तो ओलीस होता. माझ्या हातून एक लाकूड वाकडं लागलं, एक शब्द चुकला, तरी तिकडे पाण्यात त्याचा गळा आवळला जाणार होता. त्या क्षणापासून मी वाळूवर पाऊलसुद्धा भीत भीत टाकायला लागले.

आम्ही कामाला लागलो. दर्यावाल्याला उचलायचं तर गाव लागलं असतं, म्हणून आहे तिथेच त्याच्यावर छप्पर उभं करायचं ठरलं. कुऱ्हाड चालवायची नव्हती. समुद्राने वाहून आणलेली लाकडं तशीच उभी करून सीलच्या कातड्याच्या पट्ट्यांनी बांधली. आताकनी चाकूने काठ्या तासल्या, झिलप्या तशाच काठीला ठेवून, लांब आणि कुरळ्या, बायकांच्या केसांसारख्या. त्या काठ्या चारी बाजूंना रोवल्या.

मग जेवण मांडलं. समुद्राला समुद्रातलं द्यायचं नसतं, जे त्याच्याकडे नाही ते द्यायचं असतं, आणि डोंगराला समुद्रातलं. म्हणून मी साठवणीतलं सगळं काढलं. लिलीचे वाळवलेले कांदे, लाल आंबट बोरं, काळी बोरं, तंबाखू. बर्चच्या सालीच्या द्रोणांत भरून मी ते त्याच्या तोंडापाशी ओळीने ठेवलं. हिवाळ्यासाठी ठेवलेली बोरं होती. एक द्रोण मागे ठेवावा असं मनात आलं आणि त्या विचाराचीच मला इतकी भीती वाटली की पळत जाऊन तोही आणून ठेवला.

"आता कुत्र्यांची तोंडं बांधा," आताक म्हणाले.

आमची कुत्री घरामागे दांडीला ओळीने बांधलेली होती. फेक्लाने वाद्या घेऊन एकेकाचं तोंड आवळलं. शेवटचं कुत्रं झाल्यावर ती आली आणि सरळ कढईकडे गेली. आकडा हातात घेतला.

"ठेव तो खाली," आताक म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण आकड्याची किणकिण ऐकू आली होती.

"बाबा, धुकं आहे. कढई वाजवायला हवी."

"मयतापाशी भांडी बडवतात?"

"मयत दुसऱ्याचं आहे. बाहेर आहे तो आपला आहे."

"दुसऱ्याचं म्हणू नको. तुझा नवरा आज त्यांच्याच घरात जेवतो."

फेक्लाचा नवरा चार वर्षांपूर्वी बुडाला होता. तिने आकडा खाली ठेवला नाही.

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली. "तिकडे पंगत पुरेशी मोठी झालीय."

"तोंड आवर. माणूस आवाज ऐकून घरी येत नाही, ते सोडतात म्हणून येतो. आमच्या कुळात दर्यावाला दारात असताना कुणी आवाज केलेला नाही. चूल विझवा. चुलीचा धूरसुद्धा त्याच्या अंगावर जाता कामा नये."

फेक्लाने माझ्याकडे बघितलं. मी बोलावं अशी तिची अपेक्षा होती, नवरा माझा होता. पण मला आताकचं पटत होतं, पुरतं पटत होतं. भ्यालेल्या माणसाला सोपा उपाय खोटाच वाटतो. मी आकडा तिच्या हातून काढून घेतला आणि खांबाला अडकवला.

"बरं," फेक्ला म्हणाली. "दोघं मिळून बसा देवासारखे."

आम्ही बसलो. आग नाही, चहा नाही. सकाळ सरली, दुपार झाली, धुक्याचा रंग तेवढा पांढऱ्याचा राखाडी झाला. सीलच्या चरबीत बोरं आणि माशाच्या कातड्याचा रस थिजवून आम्ही एक वडी करतो, ती थोडी उरली होती. तीच चावत बसलो. लाटांच्या आवाजात मला सारखी वल्ही ऐकू यायची. दोनदा मी उठून पाण्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा काही नव्हतं.

फेक्लाला गप्प बसणं मुळात जमत नसे. कुजबुजत का होईना, ती बोलायला लागली.

"वहिनी, खरं सांग. कोण मोठा गं? हे, की तुझ्या माहेरचे?"

मी तिच्या तोंडावर हात दाबला. "वन्सं, वेड लागलं का तुम्हाला?"

"विचारलं नुसतं," ती माझ्या हाताखालून म्हणाली.

आताकनी ऐकलं होतं. मला वाटलं आता ते भडकतील, पण ते दमले होते. "मोठा कुणी नाही," ते म्हणाले. "याच्या पंखाच्या आत हात लावून बघ. हाडं आहेत, पाच बोटं आहेत. डोंगरवाल्याला घरी पाठवायच्या मेजवानीला त्याचं कातडं उतरवलेलं बघितलंस ना? त्याच्याही पंजात पाच. तुझीही मोज. तीन घरं, एक हात. आपण मधल्या घरातले, म्हणून दोघांकडून आपल्याला मार."

त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच कुत्री उठली.

तो प्रकार मी कधी विसरणार नाही. कुत्री भुंकत नव्हती, भुंकता येत नव्हतं. बांधल्या तोंडाने ती दांडीला हिसके देत होती, उभी राहत होती, एकमेकांवर पडत होती, आणि त्यांच्या नाकातून बारीक रडण्यासारखा आवाज येत होता. सगळ्यांची तोंडं रानाच्या बाजूला होती. मी इतकी घाबरले की मागे वळून बघायलाच तयार नव्हते. आताकचं नाक वर झालं.

"आला," ते म्हणाले. "ओल्या केसांचा वास. कुठे आहे?"

तो बुटक्या झुडपांतून बाहेर पडून वाळूवर आला होता. नदीचे मासे खाऊन खाऊन गलेलठ्ठ झालेला, पोट जमिनीला लागायचं तेवढं राहिलेलं. घाई नव्हती. चालताना डोकं डावीकडे उजवीकडे हलवत होता, जशी काही आमची वस्ती त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होती. आमच्याकडे त्याने बघितलंही नाही. तो छपराकडे गेला, खाली वाकला आणि पहिला द्रोण चाटून साफ केला.

बोरं. अख्खा किनारा सोडून तो इथे का आला, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. समुद्राकडे नसतं ते आम्ही मांडलं होतं, आणि तेच नेमकं डोंगरवाल्याचं रोजचं जेवण. त्याला आम्हीच पंगतीला बोलावलं होतं.

"काय करतोय?" आताकनी विचारलं.

"खातोय. बोरं."

"खाऊ दे. पण दर्यावाल्याला दात लावता कामा नये. लावला तर मिगून परत येत नाही. बंदूक आण."

मिगूनची जुनी एकनळी घरात होती. मी ती आणली, काडतूस घातलं. आताकना तर दिसत नव्हतं आणि फेक्लाने जन्मात बंदूक धरली नव्हती. मला मिगूनने हिवाळ्यात बर्फावरचे पक्षी मारायला शिकवलं होतं. म्हणजे मीच.

"आताक, बार काढला तर आवाज होईल."

"तो आवाज वेगळा," ते म्हणाले. मग त्यांनाच पटलं नसावं. "वेगळा समजतील ते," असं हळूच म्हणाले.

डोंगरवाला बोरं संपवून लिलीच्या कांद्यांकडे वळला, ते फुंकरीने उडवून दिले, आणि मान वर करून दर्यावाल्याला हुंगायला लागला. तोंडाशी तोंड. एक काळाभोर केसाळ, एक काळाभोर गुळगुळीत. तुलना करू नये, पण समोर दोघं तशीच होती. मेलेल्याचं डोकं जिवंताच्या पोटाएवढं होतं. जिवंताचं नाक त्या बारीक उघड्या डोळ्यापाशी थांबलं.

"मार," आताक म्हणाले. त्यांना कसं कळलं माहीत नाही.

मी बंदूक खांद्याला लावली. नळीच्या टोकावर त्याची छाती होती. आणि तेवढ्यात तो मागच्या पायांवर उभा राहिला, छपराच्या खांबाला डावा खांदा टेकवला आणि खाजवायला लागला. सावकाश, डोळे मिटून.

माझा बाप असाच करायचा. रानातून आला की दाराच्या चौकटीला डावा खांदा घासत उभा राहायचा, आणि आई ओरडायची की चौकट मोडेल. मला बापाचा चेहराही आठवत नाही, पण तो खांदा आठवतो. सगळीच अस्वलं खांदा घासतात, हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. पण बोट चाप ओढेचना.

एकीकडे नवरा, एकीकडे बाप. इकडे आड आणि तिकडे विहीर. बार काढावा तर मी माहेरच्या रक्ताला जबाबदार, न काढावा तर सासरचा माणूस बुडवला. कोण मोठा, असं फेक्लाने विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला आता मीच उभी होते. भीतीने मला रडूही येत नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले. बंदूक खाली गेली होती. "बाबा, हा माझ्या सासरचा आहे. याला हात लावू नको. माझा संसार मोडेल. नदीत मासे आहेत, रानात बोरं आहेत. तू घरी जा."

त्याने डोळे उघडले. चारही पायांवर आला. ऐकतोय असं वाटलं, कान पुढे झाले होते. मग त्याने मान वळवली आणि दर्यावाल्याच्या कुशीत दात रोवून ओढलं. चरबीचा पांढरा पट्टा सुटून आला. तो हिसक्यासरशी खांबावर आदळला, आणि छप्पर एका बाजूने कोसळलं.

आताकच्या तोंडून एक आवाज आला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

कोसळत्या लाकडांनी डोंगरवालाही बिचकला आणि बिचकून बाजूला झाला तो आमच्याच बाजूला. चरबीचा तुकडा तोंडात, वर सरकलेले ओठ, आणि आमच्यामध्ये मोकळी वाळू. मी बंदूक उचलायला गेले तर ती माझ्या हातात नव्हतीच, वाळूत पडली होती. आताक समोर उभे होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात कढई वाजली.

फेक्ला खांबापाशी होती. आकडा दोन्ही हातांत धरून ती कढई फोडायलाच निघाल्यासारखी बडवत होती, आणि बडवता बडवता शिव्या देत होती, डोंगरवाल्याला, दर्यावाल्याला, बापाला, मला. तो फाटका आवाज सगळ्या धुक्यात भरला. पहिल्या कुत्र्याने त्याच वेळी पंजांनी तोंडाची वादी काढली. फेक्ला धावत गेली, चाकूने बाकीच्यांच्या वाद्या कापल्या आणि परत कढईवर आली. दिवसभर दाबून ठेवलेलं भुंकणं एकदम बाहेर आलं.

डोंगरवाला थांबला. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं, मग वळला आणि तुकडा तोंडात तसाच ठेवून झुडपांकडे चालायला लागला. पळाला नाही. थोड्या वेळाने धुक्यात दिसेनासा झाला.

आताक वाळूवर बसले होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.

"झालं," ते म्हणाले. "त्याला फाडलं, वर भांडी बडवली. आता मिगून येत नाही. फेक्ला, थांब."

ती थांबली नाही.

"थांब म्हणतो ना! माझा मुलगा मेला, आणि तू वाजवतेस?"

"मेलाच असेल तर वाजवून काय बिघडतंय, बाबा?" ती ओरडली, आणि पुन्हा हाणलं.

मी आताकच्या शेजारी बसले. माझ्याही मनात तेच होतं. मी त्याला गेलेलाच धरून चालले होते. त्याच्या बुटांना आतून लावायला गवत कुटून ठेवलं होतं, त्याचं आता काय करायचं, असला विचार मनात येत होता. मोठा विचार येतच नव्हता. फेक्लाच्या हातांना फोड आले असणार, पण तिने आकडा सोडला नाही. अंधार पडायला थोडाच वेळ होता.

कुत्र्यांचा सूर बदलला. बाईला आपल्या कुत्र्यांचा सूर कळतो. रानाकडची तोंडं पाण्याकडे फिरली आणि शेपट्या हलायला लागल्या.

मी उठले की नाही, मला आठवत नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात होते आणि होडीचं टोक माझ्या छातीला लागलं, एवढं आठवतं. मिगून वल्ह्यांवर ओणवा झाला होता. त्याची बोटं वल्ह्यांवरून सोडवायला मला एकेक उलगडावं लागलं. ओठ निळे, भुवयांवर पाणी. मी त्याला किनाऱ्यावर ओढलं. फेक्लाने कढई सोडली, चूल पेटवली, कातडी पांघरुणं आणली. त्याला एक शब्द न बोलता ती त्याचे पाय चोळायला लागली.

चहा पोटात गेल्यावर त्याला बोलता आलं.

"सकाळी मी इथेच होतो," तो म्हणाला. "अगदी जवळ. फुटणाऱ्या लाटा ऐकू येत होत्या. मला वाटलं, पोचलो. थांबलो, कढई वाजेल म्हणून. वाजली नाही. कुत्रंही भुंकलं नाही. म्हटलं हे आपलं घर नव्हे, आपलं घर इतकं मुकं नसतं. खाली दक्षिणेला वाहत गेलो असेन, दगडांच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर. तिथे होडी लावली तर फुटते. म्हणून परत बाहेर वल्हवत गेलो. दिवसभर बाहेर होतो. हात गेले होते. आत्ता कढई वाजली नसती तर..." त्याने कोसळलेल्या छपराकडे बघितलं, आताककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सकाळी सगळे कुठे गेला होतात?"

मी चुलीत बघत होते. सकाळी आम्ही दारातच होतो. तो तिथे पाण्यात कान देऊन थांबला होता तेव्हा मी इथे द्रोण ओळीने लावत होते, आकडा फेक्लाच्या हातातून काढून घेत होते. दिवसभरात जेवढी भ्याले नव्हते तेवढी मी त्या वेळी भ्याले, आणि तेव्हा तर तो वाचून समोर बसला होता.

फेक्लाने त्याचे पाय खाली ठेवले. मला वाटलं, ती माझ्याकडे वळून मला सांगेल, किंवा कुत्र्यांना. ती वळली नाही. वयात आल्यापासून जी भावाशी एक शब्द बोलली नव्हती, तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मिगून," ती म्हणाली, "आम्ही इथेच होतो. आम्ही तुला बुडवत होतो."

मिगूनने मान खाली घातली, बहीण बोलली म्हणून की काय बोलली म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

आताक उठले. भिंतीला हात लावत दाराबाहेर गेले. मला वाटलं ते दर्यावाल्याकडे चालले, माफी मागायला, म्हणून मी मागे गेले. ते त्याच्याकडे गेले नाहीत. चाचपत खांबापाशी गेले, आकडा शोधला, आणि कढई वाजवायला लागले. हळू, पण थांबत नव्हते.

"आताक, तो आला," मी म्हणाले. "आता बाहेर कुणी नाही."

त्यांनी ऐकलं. मान हलवली. आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत वाजवत राहिले.